गोठलेलं खोबरेल

"पुन्हा इंजेक्शन? खलास! आता बस्स!" जोहराबींनी सुनेच्या हातातली सुई हिसकावली.

नबीलाला चौथा महिना होता. याआधीची दोन बाळं पोटातच गेली होती. शेवटी जेद्दाच्या डॉक्टरांना कारण सापडलं. शरीराचं रक्षण करणारी प्रतिपिंडं तिच्याच रक्तातल्या प्रथिनांवर उलटली होती. त्यामुळे गुठळ्या होत आणि बाळाला जाणारं रक्त अडे. म्हणून रोज पोटात रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन. पण रत्नागिरीहून आलेल्या सासूबाईंनी डॉक्टरांचं एवढंच वाक्य धरून ठेवलं: तपासणीत हिचं रक्त उशिरा गोठतं.

"आधीच पातळ, त्यात आणखी पातळ करायचं? आमच्या घराण्यात नव्हतं हो असलं काही!"

नबीलाने नवऱ्याकडे पाहिलं. तौकीर मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "अम्मी म्हणते तर थांबू ना थोडं."

नबीलाचं डोकं भणाणलं. ती दोन बाळं गेली तेव्हाही हा असाच बसला होता! ती तडक शेजारच्या खुर्शीदखालाला घेऊन आली. खालाची हयात नर्सच्या नोकरीत गेली होती.

जोहराबी खोबरेलाची बाटली गरम पाण्यात धरून करवादत होत्या. "मेल्या एसीने तेलाचा रोज दगड होतो!"

"गावी होतो का?" खालाने विचारलं.

"गावी कशाला होईल? तिथे पाण्यासारखं असतं."

"मग गावचं तेल बघून मी म्हटलं, इथेही गोठायचं नाही, तर?"

"खुळी म्हणेन तुला!"

"तसंच आहे हे. तपासणीच्या नळीत ती प्रतिपिंडं रक्त गोठू देत नाहीत, आणि अंगात तीच गुठळ्या करतात. डॉक्टरांनी हे जाणूनच औषध दिलंय. आणि घराण्याचं काय काढता? तुम्ही मधुमेहाची गोळी घेता, तेव्हा तुमच्या माहेराला कोणी नाव ठेवतं?"

"अम्मी, हे बाळही गेलं तर मी कुणाला जाब विचारू?" नबीला पुढे येत म्हणाली.

जोहराबींनी बाटली खाली ठेवली. मग त्या मुलावर कडाडल्या, "बघतोस काय? सुई घे! आजपासून तू टोचायचीस!"

तौकीरने मोबाईल ठेवून सुई हातात घेतली.

"कापतोय ना हात? ती रोज स्वतःला टोचते!" जोहराबी म्हणाल्या.

वाचकहो, अर्धवट ऐकून कुणाचं औषध बंद करू नका. समजलं नाही तर डॉक्टरांना पुन्हा विचारा. आणि घरात सून एकटी झगडत असताना मोबाईलमध्ये मान घालून बसणाऱ्याने आपण कोणाची बाजू घेतली नाही, असं समजू नये. त्याने ती घेतलेली असते.