कोणता, ते तूच सांग

तिने पिकअप पहिल्या गिअरमध्ये टाकली, तरी चढ काही सरेना. इंजिन ठेचकाळत होतं. तीन ठोके नीट, चौथा लंगडा. शेवटी जिथे सावलीचं नाव नव्हतं अशाच जागी तिला गाडी कडेला घ्यावी लागली. मागे हौद्यात भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे दहा खोके होते आणि त्यांत कालच अंड्यातून बाहेर आलेली हजार पिल्लं.

गाडी चालती असली की भोकांतून वारा खेळतो आणि पिल्लं तग धरतात. गाडी थांबली की खोक्यांची भट्टी होते. अर्धा तास, फार तर पाऊण, असं उबवणी केंद्रातल्या बाईने तिला दोनदा बजावलं होतं. पोल्ट्रीवाला चढापलीकडे अकरा किलोमीटरवर होता. नवरा दुसरी गाडी घेऊन दोन तासांच्या अंतरावर. हे काम तिने स्वतः बोलून मिळवलेलं, आणि पहिल्याच खेपेला खोक्यांतून मेलेली पिल्लं निघाली तर दुसरी खेप कोणी दिली असती?

शेजारी सासरे बसले होते. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस. बाहेर उस्ताद, घरात बाबा. आज ते 'तुझी गाडी कशी चालते बघतो' म्हणून हौसेने आले होते. ते सावकाश उतरले, बॉनेट उघडून टेकू लावला आणि एक प्लग गेलाय म्हणाले. त्यात नवल नव्हतं, तेवढं सीटला बसलेल्या हिसक्यांवरूनही कळत होतं. मग हौद्याकडे नजर टाकून त्यांनी तिला समजावलं, पिल्लं शांत आहेत, घाबरू नकोस.

पिल्लं शांत नव्हती. हजार चोची जिवाच्या आकांताने ओरडत होत्या. म्हातारा आपल्याला धीर देतोय, असं तिला वाटलं आणि त्या धीराचाही राग आला.

डॅशबोर्डच्या कप्प्यात सुटा प्लग सापडला, पण एकच. गाडी जुनी, प्लग बसतात त्या भोकांचे आटे झिजलेले. तापलेल्या इंजिनातला प्लग ओढाताण करून काढला तर त्याच्याबरोबर आटेही उपसून येतात आणि मग गाडी दोरी बांधूनच न्यावी लागते. म्हणजे चारातला एकच प्लग उघडायचा, आणि तो मेलेलाच असायला हवा.

कोणता मेलाय हे शोधायची उस्तादांची पद्धत गावभर माहीत होती. इंजिन चालू ठेवायचं, एकेका प्लगची वायर उपसायची आणि ऐकायचं. जिवंत प्लगची वायर काढली की इंजिन आणखी लंगडतं. ज्याची वायर काढूनही इंजिनाला काही फरक पडत नाही, तो मेला. लग्न होऊन आली तेव्हा ती हे खेळ बघायला गॅरेजच्या दारात उभी राहायची. पुढे गाडी चालवायला लागली तसं त्यांनी तिलाही त्यात ओढलं. गेलं वर्षभर तर ते स्वतः सांगतच नसत. वायर काढायची, तिच्याकडे बघायचं आणि विचारायचं, "कोणता, ते तूच सांग." तिला शाळेत फळ्यापुढे उभं केल्यासारखं व्हायचं. ती चाचरत एखादा आकडा सांगायची. ते म्हणायचे, "बरोबर." सासऱ्याच्या हाताखाली नापास व्हायची वेळ अजून आली नव्हती, एवढंच काय ते सुख.

आत्ताही त्यांनी हातावर फडकं गुंडाळलं आणि तिला ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायला सांगितलं. ती खिडकीतून डोकं बाहेर काढून बसली.

"आज परीक्षा नको, बाबा," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा."

त्यांनी पहिली वायर उपसली. इंजिन गचकन खाली बसलं. दुसरी उपसली, तसंच. तिसरी काढली, आणि आवाज होता तसाच राहिला. चौथीला गाडी बंदच पडते की काय असं झालं. ती मुद्दामच तोंड मिटून, चेहरा कोरा ठेवून बसली होती. त्यांना कळलं असणारच, आपण कशाला मध्ये बोला.

एकच खटकलं. वायर काढताना त्यांचे डोळे इंजिनावर नव्हते, तिच्या चेहऱ्यावर होते.

त्यांनी इंजिन बंद करायची खूण केली, कपाळ पुसलं आणि प्लगपाना उचलला.

"दुसरा," ते म्हणाले.

तिचा हात किल्लीवरच राहिला. दुसऱ्याला इंजिन बसलं होतं. कोणालाही ऐकू आलं असतं. चाळीस वर्षांच्या उस्तादाला ती काय सांगणार? पण मागे ओरडण्यातला जोर कमी व्हायला लागला होता, आणि हे कमी होणं तिला ओरडण्यापेक्षा भयंकर वाटलं. पाना दुसऱ्या प्लगवर बसला. वर्षभरात त्यांनी तिला एकदाही 'चूक' म्हटलं नव्हतं. एकदाही. आपण इतक्या हुशार नव्हतो, बाबा कानांनी नाही तर आपल्या चेहऱ्यावरून ओळखत होते, हे तिला तिथे, त्या उन्हात, लख्ख कळलं.

"बाबा," तिने मोठ्याने हाक मारली. ते वाकलेलेच होते. तिने खाली उतरून त्यांच्या दंडाला हात लावला, तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"माझं नीट लक्ष नव्हतं," ती म्हणाली. "परत एकदा करता?"

त्यांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पाना खाली ठेवला. तिने परत गाडीत बसून इंजिन चालू केलं. त्यांनी पुन्हा एकेक वायर उपसली, आणि या वेळी तिने चेहरा झाकला नाही. तिसऱ्या वायरला तिने मान हलवली.

"तिसरा," ती म्हणाली.

"बरोबर."

पुढचं काम त्यांच्या हातांचं होतं आणि हात पूर्वीसारखेच होते. प्लगच्या बुडाशी तेलाचे दोन थेंब, मग पाव फेरा मागे, किंचित पुढे, पुन्हा मागे. घाई तिला होती, त्यांना नव्हती. प्लग निघाला तो काळाकुट्ट, वरची चिनीमाती तडकलेली. नवा त्यांनी आधी बोटांनीच बसवला, मग पान्याने आवळला, वायर दाबली आणि मागे सरून तिला खूण केली.

इंजिन पहिल्याच किल्लीला लागलं. चारही ठोके एकसारखे, एकही लंगडा नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मागे पिल्लं ओरडत होती, म्हणजे जिवंत होती. तिने क्लच दाबून गिअर टाकला आणि बाबा येऊन बसायची वाट पाहू लागली.

ते येईनात. बॉनेट तसंच उघडं होतं. तिने वाकून पाहिलं. एक हात इंजिनाच्या कडेला टेकवून ते उभे होते, मान किंचित कलती ठेवून.

तिने गिअर काढला, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरली. फेरा घालून ती त्यांच्या समोर, त्यांना तिचं तोंड नीट दिसेल अशी उभी राहिली.

"झालं, बाबा," ती सावकाश म्हणाली. "चारही चालू आहेत."

त्यांनी मान हलवली आणि बॉनेट खाली घेतलं.