डाव्या हातातला भाला

गोऱ्यांच्या मोहिमेबरोबर एक चित्रकार आमच्या राजधानीत, कुकावात आला होता. आमचे हे घोडदळातले काचल्ला, म्हणजे सरदार; त्याच्यासाठी कापूस भरलेलं जाड चिलखत चढवून अख्खी दुपार घोडीवर बसले. उजव्या हातात भाला धरलेला, घामानं चिंब, पण जागचे हलले नाहीत. चित्र हुबेहूब उतरलं होतं, मी स्वतः पाहिलं.

काही वर्षांनी तेच चित्र छापलेलं एक पान त्रिपोलीच्या व्यापाऱ्यानं आणून दिलं. छापताना मेल्यांनी ते उलटं केलं होतं. भाला डाव्या हातात!

ह्यांचा दोस्त हम्मन, जमातीनं फुलानी, ओसरीवरच बसला होता. फुलानी आणि आम्ही कानुरी एकमेकांची टिंगल करणारच. त्याचा राग धरायचा नाही, अशी आमची रीत.

"काय रे काचल्ला," तो म्हणाला, "जेवतोस उजव्या हातानं आणि लढतोस ढुंगण धुवायच्या हातानं?"

ह्यांचा चेहरा पडला. "साऱ्या गोऱ्या मुलखात अब्रू गेली माझी. फाडूनच टाकतो!"

"आणा इकडे," म्हणत मी पान हिसकावलं, पालथं केलं आणि उन्हासमोर धरलं. कागदातून चित्र आरपार दिसलं आणि भाला उजव्या हातात आला.

"पण वहिनी, खालची अक्षरं उलटी झाली की!" हम्मन म्हणाला.

ह्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"उलटी कसली? आता कुठे आपल्या कुराणासारखी उजवीकडून सुरू झाली!"