सुभेदारांच्या डोक्यावरचा ठेका

रंगनाथ खासनीसांना विमा कंपनीने जयपूरला पाठवल्यापासून दोन घरं सोडावी लागली होती. पहिलं हार्मोनियममुळे, दुसरं बासरीमुळे. खासनीसांच्या मते दोन्ही घरमालकांना संगीताचा कान नव्हता. त्यांच्या पत्नी इंदुमतीबाईंच्या मते होता, म्हणून तर घर गेलं.

झोटवाड्यातलं तिसरं घर सोडायला मात्र त्या तयार नव्हत्या. नळाला दोन्ही वेळा पाणी, आणि खाली घरमालक चक्क साताऱ्याकडचे. सुभेदार सर्जेराव निकमांची फौजेतली सगळी नोकरी सिग्नलमध्ये, कानाला यंत्र लावून ठोक्यांमधून अक्षरं वाचण्यात गेली होती. निवृत्तीनंतर त्यांनी इथेच दोन मजले बांधले. त्यांची एकच अट होती. "आवाज न्हाई पायजे. कान लई शिणल्यात."

"पुन्हा घर गेलं तर मी माहेरी," इंदुमतीबाईंनी बजावलं. "आणि सामान या खेपेला तुम्ही एकट्यानं बांधायचं."

खासनीस वर्षभर गप्प बसले. मग बोटीवर नोकरीला असलेला मेहुणा राजन सुट्टीवर आला, तो युकुलेले घेऊनच. गिटारचं लेकरू म्हणावं एवढं, चार तारांचं, आत पोकळी नाही, भरीव लाकूड. बोटीवरच्या एका फिलिपिनो मित्रानं बनवलेलं. तार छेडली तर माशी उडाल्याइतका आवाज. वायर सेलच्या डबीत खुपसायची, डबीची इअरफोन कानाला लावायची, की ज्याचं संगीत त्याच्या कानात.

"सुरुवातीला सगळ्यात खालच्या तारेवर, तिसऱ्या पडद्याशी एक बोट. दुसऱ्या हातानं चारही तारा छेडायच्या, बस," राजन म्हणाला. "आणि भावोजी, ठेका पायानं धरायचा. नाहीतर हात भरकटतो."

तेव्हापासून संध्याकाळचा चहा झाला की खासनीस खुर्चीत बसत, डोळे मिटत आणि पाय आपटत. इंदुमतीबाई खूश होत्या. पाय काय, कुणाचेही वाजतात.

पण खालच्या मजल्याचं छत दगडी पट्ट्यांचं. गाणं नाही, रेडिओ नाही, नुसतं ठक. ठक-ठक. ठक. सुभेदारांचा घास हातातच राहिला.

"मालन, वरचा मानूस बातम्या धाडतोय."

"आवो, इमा कंपनीत हाय त्यो!"

"मग? हेर काय पाटी लावून येतोय व्हय? कुनाला धाडतोय त्येच कळंना. अक्षरंबी लागंनात. लई अवघड भाषा दिसतीया."

आठवडाभर त्यांनी अक्षरं लावून पाहिली. मग एका संध्याकाळी उठून थेट वर गेले. दार उघडंच होतं. कानात वायरी, डबीवर लाल दिवा, मिटलेले डोळे, हलणारा पाय. शंकेला जागाच उरली नाही. त्यांनी खासनीसांचा खांदा धरला. "कुनाला धाडताय?"

खासनीसांना फक्त मिश्या हललेल्या दिसल्या. "आवाज होतोय का?" ते कानातल्या संगीतापेक्षा मोठ्यानं ओरडले. इंदुमतीबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, घरमालकांकडे पाहिलं, आणि मग माळ्यावरच्या ट्रंकेकडे.

"पोलिसात सांगायच्या आधी इचारतोय," सुभेदार म्हणाले.

खासनीसांनी घाईघाईनं इअरफोन काढून त्यांच्याच कानांना चढवली. "ऐका, सुभेदारसाहेब. तुम्हीच ऐका."

त्यांनी तारा छेडल्या, पाय आपटला. कानाला यंत्र लागताच सुभेदार सवयीनं ताठ झाले. बोट मांडीवर चालायला लागलं, अडखळलं, पुन्हा चाललं, थांबलं. चेहऱ्यावरचा संशय जाऊन तिथे दाढदुखी आली.

"पाय मुद्दाम असा टाकताय?"

"छे हो! सरळच टाकतोय."

सुभेदारांनी इअरफोन काढली. "मग हेर न्हाई तुमी. असल्या पायाला कुठला दुश्मन पगार दील? दोन ठोके सारखं पडत न्हाईत. आमच्यात असता तर पयल्याच आठवड्यात लंगरात भाकऱ्या थापायला धाडला असता."

संगीतसाधनेत एवढा चांगला अभिप्राय खासनीसांना कधीच मिळाला नव्हता.

"म्हणजे घर...?" इंदुमतीबाईंनी विचारलं.

"ऱ्हावा की. पर ह्यो ठेका मला न्हाई सोसायचा. जीव अक्षरं लावत बसतो."

दुसऱ्या संध्याकाळी खासनीसांनी पहिली तार छेडायच्या आतच खालून छताला काठीचे ठोके सुरू झाले. ठक, ठक, ठक, ठक. घड्याळासारखे. पाय चुकला की काठी थांबे, आणि खालून आरोळी येई, "पुन्यांदा!"

महिन्याभरात पाय बराच सुधारला. ठोके मात्र दीड तास चालू लागले, आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाऊ लागले. शेवटी मालनबाई कानावर पदर घट्ट धरून जिना चढून आल्या.

"वैनी, तुमचं बिनआवाजी हाय म्हनं," त्या इंदुमतीबाईंना म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्या काठीला तसलं काय मिळतंय का, तुमच्या भावाला जरा इचारा की."