समालोचकाचा डोस

मन्सूर मुकादम आजारी आहे हे आमच्या गावाच्या बरेच दिवस ध्यानातच आलं नाही, कारण तो क्रिकेटचा समालोचक होता. माणूस न थांबता बोलतोय, या विषयावरून त्या विषयावर उडी मारतोय, रात्र रात्र जागतोय आणि गल्लीतल्या पोराला जगातला सर्वश्रेष्ठ फलंदाज म्हणतोय, ही डॉक्टरांच्या लेखी आजाराची लक्षणं असतील. टेनिस बॉलच्या मैदानावर त्या नेमणुकीच्या अटी असतात. त्या मोसमात मन्सूर भलताच रंगात आलाय असं आमच्या मंडळाचं मत पडलं आणि आम्ही त्याचा सत्कार केला. शाल दिली.

सत्काराला उत्तर द्यायला तो जो उभा राहिला तो बसेचना. सामनावीराला त्यानं स्वतःकडून मोटारसायकल जाहीर केली. मग प्रत्येक क्षेत्ररक्षकाला एकेक. मग पंचांनाही. तेव्हा त्याची बायको खतीजा मंचावर चढली, माइकची वायर उपटली आणि त्याला हाताला धरून घरी घेऊन गेली. पंच म्हणजे काळुराम, मन्सूरचा शाळेपासूनचा दोस्त, तोही त्यांच्या मागनं गेला. आपली मोटारसायकल त्यानं आजतागायत मागितलेली नाही.

इलाजासाठी खतीजानं रोहा निवडलं. पेणला कुणीतरी बघणार. आमच्या जित्याला गाडीत बसलं, रोह्याला उतरलं की कुणाला पत्ता लागायचा नाही. दवाखान्याच्या बाकावर अर्धं पेण बसलेलं होतं आणि प्रत्येक जण चुकून आल्यासारखा भिंतीकडे बघत होता. याच कामासाठी रोह्याची माणसं पेणला जातात, हेही तिला तिथंच कळलं.

डॉक्टरबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. गोळ्यांनी गुण आला. वादळ थांबलं, फक्त त्याच्याबरोबर मन्सूरही थांबला. दिवसभर पडवीत खाटेवर. जेवण नको, मासळी नको. चहात बुडवलेल्या खारीवर दिवस निघायचा. पुढच्या मोसमात मंडळानं प्रेमानं त्याच्या हाती माइक दिला. फलंदाज त्रिफळाचीत होऊन तंबूत सरबत पीत असताना मन्सूर सांगायचा, "सुंदर... चौकार." लोकही प्रेमानंच टाळ्या वाजवायचे. पाहुण्या संघाचा एक पोरगा तर बाद झाल्यावर एवढं कौतुक बघून वाकून नमस्कार करून गेला.

अशाच एका सामन्याच्या तिसऱ्या षटकात मन्सूरनं माइक आपणहून खाली ठेवला. काळुरामला म्हणाला, "काळ्या, चेंडू दिसतो रे. शब्दच येत नाय."

त्यानंतर तो मैदानाकडे फिरकला नाही. मैदान त्याच्या पडवीतून दिसतं.

मन्सूरला अशक्तपणा आलाय म्हटल्यावर गाव कामाला लागलं. डिंकाचे लाडू आले, नाचणीचं सत्त्व आलं, अळिवाची खीर आली. बहरैनहून चुलतभाऊ तौहीदनं माशाच्या तेलाच्या कॅप्सुलांच्या बाटल्यांचा खोका धाडला आणि व्हिडिओ कॉलवर सांगितलं, "ह्या रोज घे, आनि डाक्टरच्या गोळ्या टाक खाडीत."

"खाडीकाठच्या मानसाला बहरैनवरनं माशाचं तेल!" खतीजा म्हणाली. "आता मीठबी पाठव भावा. हितं मिठागरं हायत, पन कमी पडतंय."

"आनि गोळ्या खाडीत नको," काळुराम म्हणाला. "सगली बोईटं झोपतील. जाल्यात कोन येनार?"

खतीजानं सगळं पिशवीत भरलं आणि मन्सूरसकट रोह्याला नेलं. बाईंनी पिशवी बाजूला सारून रक्त तपासायला सांगितलं. बी-ट्वेल्व्ह जवळपास नव्हतंच. ड जीवनसत्त्वही तळाला.

"ऊन बघता का कधी?"

"बघतो," मन्सूर म्हणाला. "पडवीतून."

बाईंनी इंजेक्शनं लिहिली, ड जीवनसत्त्वाच्या पुड्या लिहिल्या, सकाळचं ऊन लिहिलं. झोप आणणारी गोळी थोडी कमी केली. "मुख्य गोळी चालू राहणार. ही थोडी थोडी कमी करू, पण मी सांगेन तशी. स्वतःच्या मनानं काही बंद करायचं नाही."

"आनि हे माशाचं तेल?"

"घरी बांगडा होतो ना? मग घेतलं तरी चालेल, नाही घेतलं तरी चालेल."

खतीजाला खरी भीती वेगळीच होती. "परत चढाया लागलं तर वलखायचं कसं?"

"झोप कमी होईल. फार बोलतील, मोठमोठ्या गोष्टी करतील."

"बाई, ह्यो कॉमेंट्री करतो."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. खिडकीबाहेर बघून त्या म्हणाल्या, "झोपेवर लक्ष ठेवा. आणि थांबता येतंय का, ते बघा. बोलका माणूस कुठंतरी थांबतो. हा आजार थांबू देत नाही."

पावसाळाभर काही फरक दिसला नाही. दिवाळीनंतर मन्सूर काळुरामबरोबर सकाळी बांधावर फिरायला लागला. डोस आणखी एक पायरी उतरला. मग एके दुपारी त्यानं पहिला घास घेतला आणि म्हणाला, "कालवनात मीठ जास्त पडलाय." खतीजा ताटावरून उठून शेजारी सांगायला धावली. त्यानं कालवणाला नाव ठेवावं आणि ती खूश व्हावी, असं लग्नानंतर प्रथमच घडलं.

आता मन्सूरला एकच गोष्ट हवी होती, यंदाच्या अंतिम सामन्याचा माइक. बाईंनी हो म्हटलं. खतीजानं अट घातली, "मी शेजारी बसनार. माइक बंद करायच्या बटनावर माझा हात."

अंतिम सामना, जिते विरुद्ध वडखळ. मन्सूरनं सुरुवात जपून केली, जसा माणूस शेवाळावरून चालतो. दुसऱ्या षटकात शब्द चेंडूबरोबर आले. पाचव्यात चेंडूच्या आधी. लोक हसायला लागले, खतीजाचं बोट बटणाकडे सरकायला लागलं. शेवटचा चेंडू, जित्याला सहा धावा हव्यात. मन्सूर उभा राहिला.

"आणि या चेंडूवर षटकार मारणाऱ्याला, माझ्याकडून, मन्सूर मुकादमकडून..."

मोटारसायकल सगळ्यांच्याच लक्षात होती. काळुरामनं हात वर करून गोलंदाजाला थांबवलं. खतीजाचं बोट बटणावर टेकलं.

मन्सूर थांबला. त्यानं तिच्याकडे बघितलं. पाण्याची बाटली उचलली, सावकाश पाणी प्यायला, झाकण नीट फिरवून बंद केलं.

"...माशाच्या तेलाची एक बाटली. बहरैनची. अर्धी वापरलेली."

मैदान हसून लोळलं. काळुरामनं हात खाली घेतला. गोलंदाज हसतच धावला, चेंडू आखूड पडला आणि जित्याच्या पोरानं तो थेट खाडीत टोलावला.

मन्सूरनं तोंड उघडलं, पण माइक हातात नव्हता. तो खतीजाकडे होता. ती चेंडूबद्दल बोलली, पोराच्या मनगटाबद्दल बोलली, त्याच्या आजीच्या माहेराबद्दल बोलली, आणि एका दमात दोन्ही संघांना, पंचांना, सरबतवाल्याला घरी बिर्याणीचं आमंत्रण देऊन मोकळी झाली.

काळुराम धापा टाकत मंचाशी आला. "मन्सूर, भाबीचा स्पीड वाढला रं. बटन दाब!"

मन्सूरचा हात बटणापर्यंत गेला आणि परत आला.

"बोलू दे," तो म्हणाला. "दम लागला की थांबंल." आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून तो शेजारी बसून राहिला.