पेटीतलं स्लोबोग

"सोड ते कापड! आत्ताच्या आत्ता सोड!" मी कॅफेच्या दारातूनच ओरडले. घरी पेटी उघडी दिसली, तशी बाइकवाल्याच्या मागे बसून तडक आले होते.

पेटीतलं कापड कमरेला नेसलेल्या माझ्या लेकीनं, किनांतीनं, फोन खाली घेतला. भोवती पंधरा-वीस पोरंपोरी. सगळ्यांनी बाटिक नेसलेलं, खाली पांढरे बूट, हातात ताडगुळाची थंड कॉफी. सध्या आमच्या सोलो शहरात हेच खूळ आहे. आम्ही बाटिक नेसायचो तेव्हा हीच पोरं जीन्स घालून आम्हाला हसायची. आता आमच्याच पेट्या उपसून व्हिडिओ काढतात. हसावं की रडावं, मला तर काही सुधरत नाही.

"आई, सगळ्यांसमोर काय गं हे?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "आणि बघ तरी, सगळ्यांना हाच नमुना हवाय. देशील ना काढून?"

आता हिला काय सांगू? जन्मभर बाटिकच काढत आले मी. हा स्लोबोगचा नमुना कशासाठी काढतात, ते आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. पण ही शाळा सुटल्यासुटल्या दूर बाताम बेटावरच्या कारखान्यात कामाला गेली. बाप गेला तेव्हाही तिथेच होती. आमच्यात दफन कुणासाठी थांबत नाही. ती पोचली तेव्हा ओली माती आणि फुलं, एवढंच उरलं होतं. त्यानंतर आठ महिने घरात नुसती पडून. धड रडली नाही, धड बोलली नाही. आज कुठे हसतेय, तर मी तिच्यावर ओरडतेय. कसली मेली आई मी!

"बरं, राहू दे नेसलेलं," मी म्हटलं.

तेवढ्यात बाहेर गाड्या लावून देणारे कार्सो आजोबा कुणाची तरी विसरलेली किल्ली घेऊन आत आले. त्यांची नजर किनांतीच्या कमरेकडे गेली. त्यांनी टोपी काढली आणि पोटाशी हात बांधून उभे राहिले.

"कोण गेलं, पोरी?"

"कोणी नाही, आजोबा!" किनांती हसली. "फॅशन आहे ही."

"स्लोबोग आहे ते. मयतीला जाताना नेसतात. नाहीतर मयतावर घालतात." मग ते गोंधळून माझ्याकडे वळले. "माझं काही चुकलं का, बाई?"

पोरांचे फोन एकेक करून खाली आले.

"आई, कुणाचं आहे हे?"

खोटं बोलायचं मनात होतं, पण जमलं नाही. "तुझ्या बाबांच्या अंगावरचं. माती देताना काढून घेतलं, धुतलं, पेटीत ठेवलं."

मला वाटलं, ही किंचाळेल, ओरबाडून फेकेल. ती तिथेच फरशीवर बसली. काठ मुठीत धरला आणि हमसून हमसून रडायला लागली. मी शेजारी बसले. कापड काढून घ्यावं की राहू द्यावं, मला अजूनही कळत नव्हतं.

काठ मुठीत धरूनच तिनं विचारलं, "बाबांच्या अंगावर कुठून कुठपर्यंत होतं गं?"

"पावलांपासून," मी म्हटलं आणि तिच्या हनुवटीखाली हात टेकवला. "इथपर्यंत."