किलब्रे पुन्हा जिंकला

माझे सासरे डंकन स्कॉटलंडमधल्या किलब्रे नावाच्या फुटबॉल क्लबचे कॅप्टन होते. पहिला सामना किलब्रेकडून, शेवटचाही किलब्रेकडूनच. मोठ्या क्लबांनी बोलावलं, गेले नाहीत. सासूबाई शाळकरी रॉसला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, घेऊन कायमच्या सिडनीला निघाल्या, तेव्हाही सासरे क्लब सोडून हलले नाहीत.

म्हातारपणी, डोळे गेल्यावर, ते सिडनीतल्या कॅसल हिलला आमच्याकडे आले. रॉस त्यांना कॅप्टन म्हणतो, तेही कुचकेपणाने. मी पुण्याची. सासऱ्यांना नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना, म्हणून मी बाबा म्हणते.

दर रविवारी सकाळी मी त्यांना फोनवर बघून किलब्रेचा निकाल वाचून दाखवायची. गेल्या वर्षी क्लबच बंद पडला. रॉस म्हणाला, "जस्ट टेल हिम. कळू दे ना, कशासाठी सोडलं आम्हाला."

पण आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या कानावर वाईट बातमी घालत नाहीत. माझ्या आजोबांना तर त्यांचा धाकटा भाऊ गेल्याचंही आम्ही शेवटपर्यंत कळू दिलं नव्हतं. तेव्हा मी फोनकडे बघत खुशाल निकाल ठोकून द्यायला लागले. आणि खोटंच बोलायचं, तर हरवायचं कशाला? मी किलब्रेला दर आठवड्याला जिंकवलं. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही.

परवाच्या रविवारी म्हटलं, "बाबा, आपण पुन्हा जिंकलो."

ते हसले नाहीत. "मंजिरी, इतकं जिंकणारा आमचा क्लब नव्हे," ते म्हणाले. "कधी बंद पडला?"

रॉस चहाचा कप घेऊन दारातच उभा होता. तोच म्हणाला, "गेल्या वर्षी."

मला स्वतःचा इतका राग आला की रडूही येईना.

"म्हणजे तो असाही बुडायचाच होता," बाबा म्हणाले. "मग मी तुमच्याबरोबर आलो असतो तरी चाललं असतं."

हे एक वाक्य ऐकायला रॉस जन्मभर थांबला होता. वाटलं, आता तरी याचा जीव थंड होईल. पण तो बाबांच्या खुर्चीपाशी खालीच बसला.

"असं म्हणू नका," तो म्हणाला. "आमच्यापेक्षा ते खरंच काहीतरी मोठं असेल, असं समजून मी वाढलो."