उशीवरचा आळ

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. मधोमध भोक असलेली. मदुरैच्या एका सुताराने माझी चौकट घडवली, तिच्यावर फोम आणि निळे रेक्झिन चढवले आणि मला डोळ्यांच्या इस्पितळात दिले.

डोळ्याच्या आतला पडदा सुटला, की डॉक्टर तो जागेवर बसवतात आणि आत वायूचा बुडबुडा सोडतात. बुडबुडा नेहमी वर चढतो. म्हणून रुग्णाने तोंड जमिनीकडे ठेवले, तरच तो मागच्या पडद्याला दाबून धरतो. ते तोंड सांभाळणे हे माझे काम. बारा वर्षे मी ते केले.

शिवकामी मोगऱ्याचे गजरे करायची. तिचा एक डोळा आधीच गेलेला होता. दुसऱ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सात दिवस पालथे राहायला सांगितले. धाकटा भाऊ चेल्लैया याने तिला पालथी ठेवण्याची हमी दिली आणि मला घरी नेले. तीन दिवस ती माझ्यावर तोंड टेकून परातीतली फुले नुसत्या बोटांनी गुंफत राहिली. ही उशी म्हणजे माझी थोरली बहीणच, असे शेजारणींना सांगायची. मी सुखावले.

चौथ्या दिवशी शिवकामीच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. चेल्लैयाने मला उचलले.

"अक्का, आईचे डोळे असे, हे कळलं तर पोरीला कोण करून घेईल? ताठ बस. मामा मी आहे, बोलणं मी करतो."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टर येणार आहेत का तुझ्या पोरीला नांदवायला?"

मी माळ्यावर गेले. मुलगी पसंत पडली आणि दुसऱ्याच दिवशी विड्याच्या पानांची ताटे बदलून साखरपुडा झाला. दोन्ही दिवस शिवकामी ताठ बसून हसत होती.

पडदा पुन्हा सुटला. इस्पितळात चेल्लैयाने सांगितले, की अक्का रात्रंदिवस पालथीच होती, उशीच खचलेली आहे. मला वाटले, आता ती बोलेल.

"हो डॉक्टर," शिवकामी म्हणाली. "उशीच वाईट."

मला अडगळीच्या खोलीत टाकले. खरे कळले असते, तर त्याच डोळ्यावर पुन्हा केलेल्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी तिला इस्पितळातच ठेवून घेतले असते. त्यांनी नवी उशी देऊन तिला घरी धाडले. जाताना चेल्लैयाने त्यांच्या हातात हळद लावलेली पत्रिका ठेवली. लग्न पाच दिवसांवर होते, आणि पालथे राहायचे होते पुन्हा सात दिवस.

मित्रांनो, पालथ्या माणसाला कुणासाठीही उठवू नका. उठवलेच, तर डॉक्टरांना खरे सांगा. उशी दुसरी मिळते.